पोटातला जंतुसंसर्ग आणि अँटिऑक्सिडंटची आशा

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर नातेवाईक जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक ठरलेले असतात. शुद्धीवर कधी येईल, रक्त लागेल का, बाहेरून काही आणायचं आहे का. गेल्या काही वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. पोटात पू झाल्यामुळे व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाचा मुलगा किंवा भाऊ मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, ‘‘मॅडम, यात लिहिलंय की शरीरातले अँटिऑक्सिडंट संपले की अवयव निकामी होतात. व्हिटॅमिन सीची इंजेक्शनं आणून देऊ का? पैशांची सोय करतो.’’ ही सोय कशी होते, कोणाच्या कानातलं गहाण पडतं, हे सरकारी रुग्णालयात पंचवीस वर्षं काढल्यावर विचारावं लागत नाही.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मोबाइलवर त्या मुलाने जे वाचलेलं असतं त्यातला पहिला भाग बराचसा खरा असतो. गडबड होते ती दुसऱ्या भागात. म्हणून दोन्ही नीट समजून घेऊ.

आपल्या पोटाच्या पोकळीला आतून, आणि जठर, आतडी, यकृत यांना बाहेरून, एक पातळ, ओलसर, चकचकीत पडदा वेढून असतो. त्याला उदरावरण म्हणतात; डॉक्टरांच्या तोंडी ‘पेरिटोनियम’. त्याच्या सगळ्या घड्या उलगडून पसरल्या तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास आपल्या कातडीइतकं भरेल. निरोगी माणसात या पडद्याच्या पोकळीत जंतू नसतात. मात्र तिथून काही मिलिमीटरवर, आतड्याच्या नळीत, अब्जावधी जंतू सुखाने नांदत असतात. मधली भिंत शाबूत आहे तोवर काही तक्रार नसते. अपेंडिक्स फुटलं, जठरातला किंवा त्याच्या लगेच पुढचा अल्सर आरपार गेला, टायफॉइडच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याला छिद्र पडलं, की आतला ऐवज पोकळीत सांडतो आणि एवढा मोठा पडदा एकदम सुजतो. याला आम्ही पेरिटोनायटिस म्हणतो. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाच्या अंगातून जसं पाणी निघून जातं, तसंच इथेही रक्तातलं पाणी कित्येक लिटरने पोटात झिरपतं. फरक एवढाच, की भाजलेलं दिसतं आणि हे दिसत नाही.

जंतू शिरल्याची वर्दी मिळताच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. त्यातल्या ‘न्यूट्रोफिल’ नावाच्या पेशी जंतूंना गिळतात, हे शाळेत शिकवलेलं असतं. गिळल्यावर त्या नेमकं काय करतात, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९३३ मध्ये बाल्ड्रिज आणि जेरार्ड या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतू खाऊ घातले आणि त्या किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं. जंतू गिळताना ऑक्सिजनचा वापर एकाएकी वाढला. पेशीला कामासाठी ऊर्जा लागत असेल, म्हणून जास्त श्वसन, असा साधा अर्थ तेव्हा लावला गेला. पुढे कळलं, की पेशीचं नेहमीचं श्वसन विषाने बंद पाडलं तरी हा जादा ऑक्सिजन लागतोच. म्हणजे तो ऊर्जेसाठी नव्हताच. तो शस्त्र बनवण्यासाठी होता.

पेशी त्या ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवते आणि ‘सुपरऑक्साइड’ तयार करते. ज्याच्याकडे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन आहे तो कण म्हणजे फ्री रॅडिकल. तो स्वस्थ बसत नाही. शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो किंवा त्याला आपला देऊन टाकतो, आणि शेजाऱ्याचं रूप बिघडवतो. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि त्यापासून हायपोक्लोरस ॲसिड. हे शेवटचं नाव अवघड वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. कपडे पांढरे करायच्या आणि फरशी पुसायच्या ब्लीचमधला जंतू मारणारा पदार्थ तोच. जे विकरद्रव्य पेशीत हे ब्लीच बनवतं त्याचा रंग हिरवा असतो. पुवाला जी हिरवट छटा येते तिच्यात त्याचाही वाटा असतो.

हे शस्त्र किती गरजेचं आहे, ते ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्याकडे पाहिलं की समजतं. काही मुलं जन्मतःच अशी असतात, की त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण सुपरऑक्साइड बनवू शकत नाहीत. या आजाराला ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ म्हणतात. एरवी कोणाला फारसा त्रास न देणाऱ्या जंतूंनीही या मुलांच्या यकृतात, फुफ्फुसात, गाठींमध्ये पुन्हा पुन्हा पू होतो. १९५० च्या दशकात हा आजार पहिल्यांदा नीट वर्णन केला गेला तेव्हा त्याच्या नावातच ‘प्राणघातक’ असा शब्द होता. तेव्हा ‘फ्री रॅडिकल म्हणजे शरीराचे शत्रू’ असं जाहिरातीत वाचलं, की या मुलांची आठवण ठेवावी.

आता नुकसानीची बाजू. ब्लीचला जंतू कोणता आणि आपलं आतडं कोणतं हे कळत नाही. एखाद-दुसरं गळू असेल तर हा मारा तेवढ्या जागेत राहतो. पण कातडीएवढ्या पडद्यावर तासन्‌तास, दिवसेंदिवस पांढऱ्या पेशी फुटत राहिल्या, तर हे पदार्थ आसपासच्या पेशींवर पसरतात. पेशीचं आवरण बरंचसं चरबीचं असतं आणि फ्री रॅडिकलने त्या चरबीतल्या एका रेणूला धरलं की तो दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला. डब्याच्या तळाशी राहिलेलं शेंगदाण्याचं कूट खवट होतं ना, रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती हीच क्रिया. आवरण खवट झालं की पेशी गळू लागते.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे लोह. पोटात रक्त सांडलेलं असेल तर त्यातलं सुटं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून ‘हायड्रॉक्सिल’ नावाचं, या सगळ्यात जहाल असलेलं रॅडिकल बनवतं. ही क्रिया हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १८९४ मध्ये त्याने तिचा शोधनिबंध लिहिला तेव्हा तिचा वैद्यकाशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक आहे. रक्तदाब कोसळला की शरीर मेंदू आणि हृदयाला वाचवण्यासाठी आतड्याचा रक्तपुरवठा तोडतं. सलाइन देऊन, औषधं देऊन आम्ही रक्तदाब वर आणतो, आतड्यात पुन्हा रक्त येतं, आणि त्या परत आलेल्या ऑक्सिजनमधूनच नव्याने रॅडिकल तयार होतात. १९८१ मध्ये मांजरांच्या आतड्यावर केलेल्या प्रयोगातून हे पुढे आलं. रक्त तुटण्याने जखम होते, आणि रक्त परतण्याने तिच्यात भर पडते. म्हणून रक्त परत आणायचं नाही असं थोडंच आहे. पण जितका वेळ तुटलेलं राहील तितकी परतीची किंमत वाढते.

‘‘दुखत पोटात होतं, मग फुफ्फुस कसं गेलं?’’ हा नातेवाइकांचा आणखी एक नेहमीचा प्रश्न. उत्तर इथेच आहे. चेतवलेल्या पांढऱ्या पेशी रक्तातून सगळीकडे फिरतात आणि फुफ्फुसाच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत अडकतात. तिथेही त्यांचं तेच काम सुरू होतं. वाहिन्या गळतात, फुफ्फुसात पाणी भरतं. मूत्रपिंडाचं, यकृताचं कमी-अधिक असंच. पेशींची वीजघरं, म्हणजे मायटोकाँड्रिया, मंदावतात. ऑक्सिजन पोचला तरी पेशीला तो वापरता येत नाही.

शरीर याच्या विरोधात काहीच करत नाही असं नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ‘सुपरऑक्साइड डिसम्युटेज’ हे विकरद्रव्य ओळखलं. त्याचं काम एकच, सुपरऑक्साइड मोडणं. त्याच्या जोडीला कॅटलेज, ग्लुटाथायोन, आणि आहारातून येणारी सी आणि ई जीवनसत्त्वं, सेलेनियम, जस्त. हे आपले खरे अँटिऑक्सिडंट. गंभीर जंतुसंसर्गात ते झपाट्याने खर्च होतात. अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तात व्हिटॅमिन सी खूप कमी आढळतं, कधीकधी स्कर्व्हीच्या रुग्णाइतकं कमी, हे अनेकदा मोजलं गेलं आहे.

मग जे संपलं ते भरून द्यावं, इतका सरळ विचार कोणालाही सुचेल. शास्त्रज्ञांनाही सुचला. उंदराच्या मोठ्या आतड्याच्या टोकाला गाठ मारून सुईने भोक पाडायचं, की माणसासारखाच पेरिटोनायटिस होतो. अशा प्रयोगांत एकामागून एक अँटिऑक्सिडंट दिले गेले, आणि ऊतींची हानी कमी झाली, जास्त उंदीर जगले, असे निबंध ढिगाने आले. ते खोटे नव्हते. पण उंदीर तरुण होता, त्याला मधुमेह नव्हता, आणि औषध त्याला भोक पाडण्याआधी किंवा पाडल्यावर थोड्याच वेळात मिळालं होतं. माझा रुग्ण साठीचा असतो, गुडघ्यांसाठी वर्षभर वेदनाशामक गोळ्या खाल्लेल्या असतात आणि छिद्र पडून तिसरा दिवस उजाडलेला असतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अतिदक्षता विभागाने माणसांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जगभर खळबळ उडाली. व्हिटॅमिन सी, थायमिन आणि हायड्रोकॉर्टिझोन अशी तिन्ही औषधं दिलेल्या ४७ सेप्सिसच्या रुग्णांपैकी ४ दगावले. त्याआधीच्या काळातल्या, ही औषधं न मिळालेल्या ४७ पैकी १९. इतका फरक वैद्यकात क्वचितच दिसतो. स्वस्त औषधं, मोठा परिणाम. मोबाइलवरचे बहुतेक संदेश इथेच थांबतात. या अभ्यासात कोणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. आधीच्या महिन्यांतले रुग्ण आणि नंतरच्या महिन्यांतले रुग्ण यांची तुलना होती. असा अभ्यास शंका जागवायला पुरतो, उपचार ठरवायला पुरत नाही.

मग रीतसर चाचण्या झाल्या. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधल्या दोनशेहून अधिक रुग्णांवर : फायदा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ५०१ रुग्णांवर : फायदा नाही. सेलेनियमची चाचणी जर्मनीत हजारावर रुग्णांवर झाली, निकाल २०१६ मध्ये आला : फायदा नाही. ग्लुटामिन आणि अँटिऑक्सिडंटचं मिश्रण बाराशेहून अधिक अत्यवस्थ रुग्णांना देऊन पाहिलं, निकाल २०१३ मध्ये : अँटिऑक्सिडंटचा उपयोग नाही, आणि ग्लुटामिन दिलेल्यांत मृत्यू उलट जास्त. शेवटी २०२२ मध्ये कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. भरपूर मात्रेत शिरेतून व्हिटॅमिन सी दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले किंवा त्यांचे अवयव तेव्हाही यंत्राच्या वा औषधाच्या आधारावर होते. ज्यांना नुसतं बिनऔषधी द्रावण दिलं त्यांच्यात हे प्रमाण ३८.५ टक्के होतं. म्हणजे व्हिटॅमिन सी मिळालेले जास्त वाईट राहिले. त्याआधीच, २०२१ मध्ये, सेप्सिसच्या उपचारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी शिरेतून व्हिटॅमिन सी देऊ नये असं सुचवलं होतं.

असं का व्हावं? काही कारणं समजतात. रक्तातली पातळी खाली जाणं हे आजाराचं लक्षण असतं, कारण असेलच असं नाही. ताप आल्यावर अंग गरम लागतं म्हणून बर्फाच्या पाण्यात बुडवून मलेरिया बरा होत नाही. शिवाय रॅडिकल हे जंतू मारण्याचं शस्त्र आणि पेशीपेशींमधला निरोपही आहे. सरसकट दाबलं तर दोन्ही दबतात. आणि व्हिटॅमिन सी हा पदार्थ भरपूर मात्रेत, सुटं लोह जवळ असेल तर, स्वतःच रॅडिकल बनवायला मदत करू शकतो. एक व्यावहारिक धोका तर वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत हवा. व्हिटॅमिन सीची मोठी मात्रा चालू असताना बोटाला टोचून साखर मोजण्याची काही यंत्रं साखर खोटीच जास्त दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिलं, तर बेशुद्ध रुग्णाची साखर नकळत तळाला जाते.

याचा अर्थ अँटिऑक्सिडंट हा शब्दच थोतांड आहे असाही नाही. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत ग्लुटाथायोन भरून देणारं ‘एन-ॲसिटिलसिस्टीन’ वेळेत दिलं तर यकृत वाचतं, आणि ते आम्ही देतो. दारूच्या आहारी गेलेल्या रुग्णाला थायमिन देतो. जुलाबाच्या मुलांना १० ते १४ दिवस जस्त द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे आजार नेमका माहीत आहे, कमतरता नेमकी माहीत आहे. ‘अवयव निकामी होतायत, काहीतरी ताकदीचं द्या’ यात दोन्ही माहीत नाही.

मग पेरिटोनायटिसमध्ये ऊती खवट होण्यापासून वाचतात कशाने? नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्यात अर्थ नाही. छिद्र बुजवायला हवं, पू काढायला हवा, पोट धुवायला हवं. जंतू आणि घाण राहिली तोवर पांढऱ्या पेशी येत राहणार आणि ब्लीच ओतत राहणार. डेन्मार्कमध्ये अल्सर फुटून शस्त्रक्रिया झालेल्या २,६६८ रुग्णांची नोंद तपासली गेली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रुग्णालयात दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता आदल्या तासापेक्षा २.४ टक्क्यांनी घटत होती. एकाही अँटिऑक्सिडंटने माणसात इतका फरक पाडलेला नाही. आणि हे घड्याळ रुग्णालयाच्या दारापासूनचं आहे; घरात गेलेले तास त्यात धरलेलेच नाहीत.

जंतूंचा उगम नीट बंद केला तर अँटिबायोटिकही नातेवाइकांना वाटतं तितके दिवस लागत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ५१८ रुग्णांच्या २०१५ च्या अभ्यासात, शस्त्रक्रियेने किंवा नळी घालून पू काढल्यानंतर सुमारे चार दिवस अँटिबायोटिक घेतलेले आणि आठ दिवस घेतलेले, दोघांचे निकाल सारखेच आले. ऑक्सिजनचंही तसंच. गरज असेल तेवढा द्यायलाच हवा. पण मॉनिटरवर ९५ दिसत असताना ‘शंभर करा ना’ हा आग्रह धरू नये. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन म्हणजे रॅडिकलसाठी जादा कच्चा माल.

आता घरातल्या त्या तासांबद्दल. अल्सर फुटतो तेव्हा बेंबीच्या वर सुरी खुपसल्यासारखं एकाएकी दुखतं, माणसाला नेमकी वेळ सांगता येते. मूतखड्याचा रुग्ण तळमळतो, लोळतो. हा रुग्ण मात्र हलतच नाही, कारण खोकलं तरी कळ येते. पोट फळीसारखं घट्ट लागतं. अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं, सोबत मळमळ, मग ताप. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं, एरंडेल पाजणं हे उपाय आजही होतात. एरंडेलाने आतडी जोरात आवळतात आणि सुजलेलं अपेंडिक्स फुटायची शक्यता वाढते.

सगळ्यात फसवं काय, तर मधे येणारा आराम. अल्सर फुटल्यानंतर काही तासांनी पोटात झिरपलेल्या पाण्याने आम्ल पातळ होतं आणि दुखणं ओसरल्यासारखं वाटतं. घरातले म्हणतात, उतार पडला, सकाळी बघू. नाडी मात्र तेव्हाही जोरात चाललेली असते, लघवी कमी झालेली असते. म्हातारी माणसं, मधुमेही, आणि दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड घेणारे यांच्यात तर पहिली कळही जोराची नसते. नुसतं पोट फुगणं, उलटी, गुंगी एवढंच दिसतं. अशा माणसाला गॅस झाला असेल असं म्हणून रात्र काढू नये.

पोटाचं दुखणं सहा तासांवर सलग टिकलं, किंवा पोट घट्ट झालं, वारा सरेनासा झाला, तर जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. वाटेत चहा, पाणी, काढा काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या, विशेषतः गुडघेदुखीच्या, पिशवीत टाकून आणाव्यात. आणि दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं ते कोणीतरी लक्षात ठेवावं. सर्जन पहिला प्रश्न तोच विचारतात.